झाकली मूठ मोजायला हवी



'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण सगळेच शाळेत शिकलो. घरातली गोष्ट घरातच राहावी, एवढ्यापुरती ती चांगली आहे. पण वय सत्तरीच्या पुढे गेले की निदान एका बाबतीत ही म्हण बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे. आपल्या मुठीत किती जोर उरला आहे हे झाकून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. तो मोजावा, आकडा लिहून ठेवावा आणि दर वर्षी पुन्हा मोजावा. हे काम जीपीच्या दवाखान्यात, रक्तदाबाच्या पट्ट्याशेजारी ठेवलेल्या एका छोट्या यंत्राने व्हावे. ते यंत्र आपल्या हाताला बसणारे असावे आणि त्यावरचा आकडा आपल्याला लागू पडेल असा वाचला जावा. ही मागणी आपण म्हाताऱ्यांनीच करायची आहे, कारण तरुणांना तिची गरज अजून कळलेली नाही.

ज्याला रकाना, त्याच्याकडे लक्ष

नर्सिंगच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकले. पेशंटच्या तक्त्यावर ज्याला रकाना असतो, त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. ताप, नाडी, रक्तदाब, लघवी, साखर, प्रत्येकाला रकाना होता. अंगातल्या ताकदीला नव्हता. आपल्या पायांनी चालत आलेली बाई न्यूमोनियासाठी दहा दिवस पलंगावर राहायची. ताप उतरला, छाती मोकळी झाली, तक्ता अगदी स्वच्छ. मग घरी जायच्या दिवशी तिला पलंगावरून उठताच यायचे नाही. दहा दिवस तिचे स्नायू आमच्या डोळ्यांसमोर झिजत होते, पण ते लिहायला कागदावर जागाच नव्हती.

आजही फार फरक नाही. इंग्लंडमध्ये ज्यांना आधीचा मोठा आजार नाही अशा ४० ते ७४ वयाच्या लोकांना एनएचएस दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीसाठी बोलावते. रक्तदाब, उंची, वजन, कोलेस्टेरॉल, मधुमेहाचा धोका, सगळे पाहतात. स्नायूंचा जोर पाहत नाहीत. आणि पंच्याहत्तरी लागली, म्हणजे जेव्हा तो जोर पाहण्याची खरी वेळ येते, तेव्हा बोलावणेच बंद होते. ज्यांना मधुमेह आहे त्यांचे डोळे, पाय, मूत्रपिंड नियमित तपासतात. हाताची पकड तिथेही राहूनच जाते.

आपणही याला हातभार लावतो. बरणीचे झाकण उघडेना, कुकर उचलवेना, सोफ्यावरून उठताना दोन झोके घ्यावे लागले, किप्पूरच्या दिवशी शेवटच्या प्रार्थनेला पुढच्या बाकाचा आधार लागला, तर आपण म्हणतो, "चालायचंच, वय झालं." वय झाले हे खरे. पण किती झाले आणि कुठे झाले, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

जोर आणि चपळाई

लंडनच्या डॉन स्केल्टन, आर्ची यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६५ ते ८९ वयाची, चांगली निरोगी माणसे घेऊन त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक म्हणजे नुसता जोर. दुसरी म्हणजे तो जोर किती चटकन लावता येतो. सोयीसाठी तिला आपण चपळाई म्हणू. या वयात जोर वर्षाला १ ते २ टक्क्यांनी कमी होत जातो, असे दिसले. पायांची चपळाई मात्र वर्षाला साडेतीन टक्क्यांनी घटते. या हिशेबाने दहा वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास चपळाई गेली, आणि तीही निरोगी माणसांची.

चपळाई कशाला लागते? फूटपाथच्या कडेला पाय अडखळला तर दुसरा पाय क्षणात पुढे यावा लागतो. बसने गचका दिला तर दांडा लगेच पकडावा लागतो. त्या क्षणी जोर असून उपयोग नाही, तो वेळेवर यावा लागतो. म्हणून ज्या बाईला पिशवी उचलता येते, तीच बाई पायरीवर पडते आणि घरचे म्हणतात, "काल तर ठणठणीत होती." ती ठणठणीत नव्हती. तिची मोजणी झाली नव्हती, एवढेच.

मुठीवरून अंगाची परीक्षा

आता कोणी विचारेल, पडतो आपण पायांमुळे, मग मूठ कशाला मोजायची? कारण मुठीचा जोर सगळ्या अंगाच्या स्नायूंबद्दल बरेच सांगून जातो, आणि मूठ मोजणे सर्वांत सोपे आहे. कपडे काढावे लागत नाहीत, झोपावे लागत नाही, पाच मिनिटांत काम होते.

हे कितपत खरे आहे, ते 'प्युअर' नावाच्या मोठ्या अभ्यासातून दिसले. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पकड मोजून त्यांच्यावर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१५ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष आले. पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि पुढे काय होईल याचा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा मुठीच्या आकड्यावरून अधिक चांगला बांधता आला.

वाचकहो, हे वाचून घाबरू नका आणि रबरी चेंडू घेऊन दिवसभर दाबत बसू नका. मूठ कमजोर म्हणून माणूस मरत नाही. अंग आतून खचत चालले की ते मुठीत आधी दिसते, इतकाच याचा अर्थ. ताप मोजण्याच्या नळीने ताप उतरत नाही, तसेच हे. पण रक्तदाब आपला शंभर वेळा मोजला गेला असेल. मूठ आयुष्यात एकदा तरी मोजली गेली का, हे आठवून पाहा.

बोटे दाबण्यापासून यंत्रापर्यंत

मोजायची पद्धत कशी बदलत आली, हे थोडक्यात सांगते. डॉक्टर आपली दोन बोटे पुढे करत आणि म्हणत, "दाबा." मग शून्य ते पाच यांपैकी एक आकडा लिहीत. ही मापपद्धत इथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, नसांना इजा झालेल्या रुग्णांसाठी ठरवून दिली. पक्षाघात झालेल्या किंवा नस तुटलेल्या माणसासाठी ती उत्तम आहे आणि आजही वापरात आहे. पण म्हातारपणाच्या झिजेला ती पुरत नाही. चार म्हणजे 'विरोधात ढकलता येते, पण पुरेसे नाही'. या एका चारमध्ये धट्टाकट्टा माणूसही मावतो आणि कप धरताना हात थरथरणारी आजीही मावते.

संधिवाताच्या रुग्णांसाठी नर्सेसची एक युक्ती होती. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायचा, त्यात २० मिलिमीटरपर्यंत हवा भरायची आणि रुग्णाला तो दाबायला सांगायचा. पारा किती चढला ते लिहायचे. पट्टा मऊ, म्हणून सुजलेल्या बोटांना दुखत नसे. युक्ती साधी होती, पण प्रत्येक वॉर्डातला पट्टा वेगळा, गुंडाळणारी वेगळी, म्हणून या वॉर्डाचा आकडा त्या वॉर्डाशी जुळत नसे.

पकड मोजणाऱ्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. आज जगभर जे सर्वमान्य आहे ते 'जमार' नावाचे. त्यात तेलाच्या दाबावर काटा फिरतो. पकडायचा दांडा पाच वेगवेगळ्या अंतरांवर बसवता येतो. अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स बेक्टॉल यांनी अशा दांड्याच्या यंत्राची माहिती १९५४ साली प्रसिद्ध केली. म्हणजे यंत्र सत्तर वर्षांचे, साधारण माझ्याच वयाचे.

यंत्र एक असले तरी ते वापरायच्या पद्धती अनेक होत्या. कोणी उभे करून मोजी, कोणी बसवून. कोणी तीन वेळांची सरासरी घेई, कोणी सर्वांत मोठा आकडा. २०११ साली साउथॅम्प्टनच्या हेलन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी हा गोंधळ मांडून एक पद्धत सुचवली. हात असलेल्या खुर्चीत बसायचे, पुढचा हात खुर्चीच्या हातावर टेकवायचा, मनगट कडेच्या जरा पुढे, अंगठा वर. उजवा, डावा, उजवा, डावा असे दोन्ही हात तीन-तीन वेळा. सहापैकी सर्वांत मोठा आकडा आपला. पुढे कोणी तुमची पकड मोजली तर असे बसवले का, हे जरूर पाहा.

यंत्रात काय सुधारायला हवे

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. हे यंत्र दणकट आणि विश्वासाचे आहे, यात शंका नाही. पण ते आपल्यासारख्या आज्यांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले नाही.

पहिली गोष्ट वजनाची. ते हातात पाऊण किलोच्या आसपास भरते. ज्या मनगटाचा जोर मोजायचा, त्यालाच आधी हे ओझे. मोजणाऱ्याने खालून हात धरला तर ठीक, पण तेवढी काळजी प्रत्येक जण घेतोच असे नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. तबकडी शून्यापासून ९० किलोपर्यंत, आणि रेघा दोन-दोन किलोंच्या. आपल्या बायकांचा सगळा खेळ १२ ते २० किलोंमध्ये. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर केशर तोलण्यासारखे आहे हे. गेल्या वर्षी १७ आणि यंदा १६ असेल, तर तो एक किलो खरा गेला की बघणाऱ्याची नजर तिरकी होती, हे कसे ठरवायचे?

तिसरी गोष्ट दांड्याची. दांडा धातूचा, आणि दाबला तरी हलत नाही. संधिवाताच्या बोटाला तो रुततो, म्हणून माणूस दुखते तिथे थांबतो. मग यंत्र जोर मोजते की दुखणे? शिवाय काहीच हलले नाही की म्हातारे माणूस विचारते, "चालू आहे ना हे?" आणि अर्ध्यातच सोडून देते. रबरी फुगा दाबायचे मार्टिन नावाचे यंत्र आहे, त्यात तीन आकारांचे फुगे मिळतात. दुखऱ्या हाताला ते बरे. पण ते हवेचा दाब मोजते, किलो नव्हे, म्हणून त्याचा आकडा इतरांच्या तक्त्याशी थेट लावता येत नाही.

चौथी गोष्ट अंतराची. पाच अंतरांची सोय आहे, पण सर्वसाधारणपणे दुसऱ्या खाचेवर सगळ्यांना मोजतात. सहा फुटी माणसाचा पंजा आणि आपल्या कोकणातल्या पावणेपाच फुटी आजीचा पंजा एकाच खाचेत कसा बसणार? कुठली खाच वापरली हे आकड्याशेजारी लिहिले पाहिजे, आणि पुढच्या वर्षी तीच वापरली पाहिजे.

पाचवी गोष्ट यंत्राची नव्हे, तोंडाची आहे, पण मी ती यंत्राइतकीच महत्त्वाची मानते. दाबताना शेजारी कोणी जोरात "स्क्वीझ, स्क्वीझ, स्क्वीझ" म्हटले तर आकडा चढतो. म्हणून पद्धतीत हे शब्दही ठरवून दिलेले आहेत. पण ज्या आजीचे बालपण मराठीत गेले, तिच्या अंगात जोर "दाबा, दाबा, अजून दाबा!" या शब्दांनी येतो. आज बोलणारी यंत्रे किती तरी आहेत. हे यंत्र आपल्या भाषेत बोलावे, आकडा मोठ्या ठळक अक्षरांत दाखवावा आणि तो आपोआप जीपीच्या नोंदीत जावा, हे मागणे फार नाही.

सहावी गोष्ट दमाची. ही पकड तीन-चार सेकंदांची असते. पण संसार तीन-चार सेकंदांत होत नाही. नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा घोटायचा तर हात तासभर चालावा लागतो. पहिल्या ढवळणीला जोर सगळ्यांनाच असतो, चीक दाट होऊ लागला की खरी परीक्षा. ब्रसेल्समधल्या संशोधकांनी ही परीक्षा यंत्रावर आणली आहे. फुगा पूर्ण जोराने दाबून धरायचा आणि जोर निम्म्यावर येईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे. इतकी सोपी गोष्ट साध्या दवाखान्यातल्या यंत्रात सहज बसवता येईल.

फूटपट्टी कोणाची?

यंत्र सुधारले तरी एक प्रश्न उरतो. आकडा आला १७ किलो. तो चांगला की वाईट?

युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवले की पुरुषाची पकड २७ किलोच्या खाली आणि स्त्रीची १६ किलोच्या खाली असेल तर ती कमजोर धरावी. हे आकडे आले ते इथल्याच, ब्रिटनमधल्या १२ अभ्यासांमधून. जवळजवळ ५० हजार माणसांच्या मोजण्या एकत्र करून ते काम २०१४ साली प्रसिद्ध झाले होते. काम मोलाचे आहे. भर तारुण्यात इथल्या पुरुषाची मधली पकड ५१ किलो आणि स्त्रीची ३१ किलो असते, हे त्यातूनच कळले. आशियातल्या तज्ज्ञांनी मात्र आपल्या माणसांसाठी पुरुषाला २८ आणि स्त्रीला १८ अशी रेघ ओढली. म्हणजे १७ किलोची बाई लंडनमध्ये पास आणि सिंगापुरात नापास! बाई तीच, मूठ तीच.

यात आपण कुठे? जगभरातल्या मोजण्या शेजारी ठेवल्या, तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या माणसांची पकड सर्वांत जास्त भरते. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसांची सर्वांत कमी असलेल्यांमध्ये येते. मग आपल्या आजीचा आकडा कमी आला तर ती आजारी म्हणायची की तिची चण लहान म्हणायची? उलट तो रेघेच्या थोडा वर आला, तर निर्धास्त राहायचे का?

असा प्रश्न या देशात पहिल्यांदाच येतो आहे, असेही नाही. वजनाच्या बाबतीत 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१३ सालीच सांगितले की आपल्यासारख्या आशियाई माणसांना मधुमेहाचा धोका कमी वजनातच सुरू होतो, म्हणून गोऱ्यांची २५ची रेघ आपल्याला २३वर आणावी. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र सावळ्या-काळ्या कातडीवर खरा आकडा दाखवत नाही, जरा जास्तच दाखवते. ही तक्रार कोविडच्या काळात मोठी झाली. प्राध्यापक मार्गारेट व्हाइटहेड यांच्या समितीने चौकशी करून २०२४च्या मार्चमध्ये अहवाल दिला आणि वैद्यकीय यंत्रांत असा भेदभाव आहे हे सरकारपुढे स्पष्ट मांडले. म्हणजे मागितले तर ऐकले जाते. पकडीच्या यंत्राबद्दल अजून कोणी नेटाने मागितलेले नाही.

तरीही माझे मत असे की नवीन रेघ येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. सर्वांत चांगली फूटपट्टी आपल्या प्रत्येकाजवळ आहे. ती म्हणजे आपला स्वतःचा गेल्या वर्षीचा आकडा. माझी मूठ शेजारणीइतकी नसेल, इंग्रज बाईइतकी नसेल. पण माझीच गेल्या वर्षी १९ होती आणि यंदा १५ झाली, तर काही तरी बिघडले आहे. हे सांगायला ना युरोपची रेघ लागते, ना आशियाची. लागते फक्त दर वर्षी तेच यंत्र, तीच खाच, तशीच खुर्ची, आणि कुठे तरी लिहून ठेवलेला आकडा. म्हणूनच यंत्र जीपीकडे हवे. मोठ्या हॉस्पिटलात एकदा मोजून उपयोग नाही. आणि म्हणूनच दर वर्षी यंत्राची तपासणी हवी. तराजू खोटा असेल तर दोन वर्षांचे आकडे लावून पाहण्यात काय अर्थ?

पायांसाठी खुर्ची आणि घड्याळ

पायांची चपळाई मोजायचे यंत्रही याच देशात बनले. नॉटिंगहॅमच्या बॅसी आणि शॉर्ट यांनी १९९० साली ते मांडले. खुर्चीत बसून एका पायाने पेडल जोरात ढकलायचे, त्याने एक जड चाक फिरते, आणि चाकाच्या वेगावरून पायाची चपळाई कळते. एका सेकंदाच्या आत ढकलून होते, तोल जात नाही, म्हणून अगदी थकलेल्या माणसांवरही ते वापरता आले. पण ते मोठे धूड आहे. प्रयोगशाळेत राहिले, आपल्या गल्लीत आले नाही. ते आटोपशीर व्हावे, ही माझी आणखी एक इच्छा.

तोवर घरची खुर्ची आहे. सरळ पाठीची, बिनहाताची, बसायची उंची सुमारे १७ इंच. भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर घडी घाला. ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा होते ते मोजा. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने याचा तक्ता दिला आहे. ७० ते ७९ वयाच्या बाईला १०पेक्षा कमी वेळा जमले तर ते सरासरीपेक्षा कमी धरतात. ८० ते ८४ असेल तर ९पेक्षा कमी. पुरुषांना ७० ते ७४ वयात १२, ७५ ते ७९ वयात ११ आणि ८० ते ८४ वयात १०, याहून कमी म्हणजे कमी. हात टेकवावा लागला तर शून्य लिहायचे, आणि त्यात लाज नाही. यात जोरही दिसतो आणि दमही.

ही परीक्षा एकट्याने करू नका, शेजारी कोणी तरी उभे हवे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उठताना किंवा मूठ दाबताना श्वास रोखून धरू नका. आणि शब्बाथला नको, कारण वही-पेन लागणार!

आकडा कळून करायचे काय?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. "म्हातारपणाला औषध आहे का?" गोळी नाही, पण उपाय आहे. अमेरिकेत बॉस्टनला आपल्या यहुदी समाजाने उभारलेले हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथल्या नव्वदीच्या घरातल्या, थकलेल्या रहिवाशांना डॉ. मारिया फियाटारोन यांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलायचा व्यायाम दिला. १९९० साली त्याचा निष्कर्ष छापून आला. ज्या नऊ जणांनी व्यायाम पूर्ण केला, त्यांच्या पायांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला. नव्वदाव्या वर्षी! ही गोष्ट जगाला कळली ती आधी आणि नंतर मोजले म्हणूनच. नुसते "आजी, आता बरं वाटतं का?" विचारले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता.

इथल्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांचाही सल्ला तोच आहे. चालणे तर हवेच, पण आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर द्यायचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम वेगळा करावा. त्याबरोबर ताटात अंडे, मासा, वालाचे बिरडे, डाळ, दही असे काही तरी रोज हवे. चहा-टोस्टवर स्नायू टिकत नाहीत. आणि या ढगाळ देशात सावळ्या कातडीच्या माणसांनी ड जीवनसत्त्वाची १० मायक्रोग्रॅमची गोळी वर्षभर घ्यावी, हेही एनएचएसचेच सांगणे आहे.

कोणी म्हणेल, जीपीकडे वेळ नाही. पण हे काम डॉक्टरांचे नाहीच. रक्तदाब मोजणारी मुलगी पाच मिनिटांत करेल. यंत्राची किंमत काही शे पौंड. एक मोडलेले खुब्याचे हाड हजारो पौंडांना पडते, आणि त्या माणसाचे स्वतःच्या घरात राहणे जाते, त्याची तर किंमतच नाही.

आपल्या समाजाला मोजून पाहण्याची जुनी परंपरा आहे. डॉ. जेरुशा झिराड या आपल्याच. लंडनहून एम.डी. होऊन त्या मुंबईला गेल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली पद्मश्री झाल्या. मुंबईत बाळंतिणी का मरतात, याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. आपल्या बायका नाजूक, त्यांचे नशीब, असे म्हणून त्यांनी सोडून दिले नाही. आणि ताकदीचे म्हणाल, तर आपले पूर्वज कोकणातले शनिवार तेली. शब्बाथ सोडून सहा दिवस घाण्यावर घाम गाळणारे. त्यांच्या नातवंडांनी आपली मूठ मोजून घ्यायला का संकोचावे?

म्हणून दोन कामे सुचवते. पहिले सगळ्यांनी मिळून करायचे. पुढच्या मलिद्याला किंवा ज्येष्ठांच्या जेवणाला जमू तेव्हा वर्गणीतून एक चांगले यंत्र घेऊ या. एक खुर्ची ठरवू, एक खाच ठरवू, आणि "दाबा, दाबा" म्हणायला एक खणखणीत आवाजाची बाई बसवू. दर वर्षी त्याच सुमारास मोजू. आकडा ज्याचा त्याच्या वहीत राहील, भिंतीवर यादी लागणार नाही.

दुसरे काम प्रत्येकाने आपले आपण करायचे. पुढच्या वेळी जीपीकडे गेलात की रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता विचारा, "कॅन यू मेजर माय ग्रिप स्ट्रेंग्थ, प्लीज?" बहुतेक जण 'नाही' म्हणतील. हरकत नाही. "मग माझ्या नोंदीत लिहून ठेवा की मी मागितले," एवढे शांतपणे सांगून या. दहा दवाखान्यांत दहा म्हाताऱ्यांनी तेच मागितले तर अकराव्याला यंत्र मिळेल.